ट्रेलर ओढण्यासाठी पिकअप ट्रक: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांकडून फुल-साइझ पिकअप आणि ट्रेलर यांविषयी बरीच पत्रे आली आहेत. त्यांतील निवडक प्रश्न थोडे संक्षिप्त करून पुढे दिले आहेत. हाफ-टन, थ्री-क्वार्टर-टन आणि वन-टन ही फुल-साइझ पिकअपच्या चढत्या भारक्षमतेच्या वर्गांची रूढ नावे आहेत. वजने पौंडांत ठेवली आहेत, कारण वाहनावरील पट्ट्या, ट्रेलरची कागदपत्रे आणि राज्यांचे नियम यांत पौंडच वापरले जातात.

प्रश्न: आम्ही पती-पत्नी आणि दोन शाळकरी मुले असे चौघे आहोत. ट्रॅव्हल ट्रेलर घेऊन सुट्टीत फिरण्याचा विचार आहे. पसंत केलेल्या ट्रेलरचे रिकामे वजन ६,१०० पौंड असून भरलेल्या ट्रेलरची कमाल मर्यादा ७,६०० पौंड आहे. हाफ-टन वर्गातील जो पिकअप आम्ही पाहिला, त्याची ओढण्याची क्षमता ११,००० पौंड असल्याने काळजीचे कारण नाही, असे विक्रेता सांगतो. हे बरोबर आहे का? (एक वाचक, टेक्सास)

उत्तर: विक्रेत्याने सांगितलेला आकडा खरा असेल, पण तो ज्या परिस्थितीसाठी काढलेला असतो ती आपली नाही. ओढण्याची क्षमता ठरवताना अमेरिकी बाजारातील पिकअप उत्पादक आज एसएई या वाहन-अभियंत्यांच्या संस्थेचे जे२८०७ हे मानक पाळतात. त्यातील एक कसोटी ॲरिझोनातील डेव्हिस डॅमजवळच्या घाटावर बेतलेली आहे. सुमारे साडेअकरा मैलांचा तो चढ कडक उन्हात, एअर कंडिशनर चालू ठेवून, वेग ताशी ४० मैलांखाली न येऊ देता चढावा लागतो. कसोटी कठीण आहे आणि ती रूढ झाल्यापासून जाहिरातींतील आकड्यांना शिस्त आली, हे मान्य करायलाच हवे. मात्र या हिशेबात पिकअपमध्ये चालक आणि एक प्रवासी एवढेच, तेही प्रत्येकी १५० पौंडांचे, धरलेले असतात. मागच्या सीटवरची मुले, हौद्यातील सायकली, कूलर आणि जनरेटर हे त्यात कुठेच नसतात.

आपल्यासाठी महत्त्वाचा आकडा दारावर असतो. चालकाच्या बाजूचे दार उघडले की खांबावर टायर आणि भार यांची माहिती देणारी पट्टी दिसते. प्रवासी आणि सामान यांचे एकत्रित वजन अमुक पौंडांपेक्षा अधिक असू नये, अशा अर्थाचे वाक्य तिच्यावर छापलेले असते. हाच त्या विशिष्ट वाहनाचा पेलोड. माहितीपुस्तिकेतील पेलोड त्या मॉडेलच्या सर्वांत हलक्या रूपाचा असतो, तर दारावरचा आकडा कारखान्यातून बाहेर पडलेल्या त्या एका वाहनाचा असतो. एकाच मॉडेलच्या एकाच वर्षीच्या दोन पिकअपमध्ये या आकड्यात पाचशे पौंडांचा फरक सहज पडतो. काचेचे मोठे छत, आपोआप खाली येणाऱ्या पायऱ्या, मोठी रिम, गरम-थंड होणाऱ्या सीट या सगळ्यांचे वजन पेलोडमधूनच वजा होते. म्हणून सर्वांत महागडे रूप बहुधा सर्वांत कमी भार वाहणारे असते.

आता आपला हिशेब मांडू. समजा, त्या पिकअपच्या दारावर १,५४० पौंड लिहिलेले आहे. चौघांचे मिळून ५६० पौंड, वजन विभागणाऱ्या हिचचे (पिकअप आणि ट्रेलर जोडणाऱ्या जोडाचे) १०० पौंड आणि हौद्यातील सामानाचे २०० पौंड वजा केले की ६८० पौंड उरतात. ट्रॅव्हल ट्रेलरच्या एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भार पुढच्या जोडावर, म्हणजे पिकअपच्या हिचवर पडावा लागतो. त्याला टंग वेट म्हणतात. ७,६०० पौंडांचे १३ टक्के काढले तर ते ९८८ पौंड होतात. म्हणजे ओढण्याच्या क्षमतेत अजून ३,४०० पौंड शिल्लक दिसत असताना पेलोडची मर्यादा मात्र तीनशे पौंडांहून अधिक ओलांडलेली असते. ट्रॅव्हल ट्रेलर घेणाऱ्या बहुसंख्य कुटुंबांच्या बाबतीत आधी संपतो तो पेलोड, आणि जाहिरातीत सर्वांत बारीक अक्षरात असतो तोही पेलोडच. ही गोष्ट खरेदीपूर्वी कोणी समजावून सांगत नाही, याची खंत वाटते.

ट्रेलरचे ६,१०० पौंड हे रिकामे वजनही विसरलेलेच बरे. पाण्याच्या एका गॅलनचे वजन ८.३४ पौंड असते. चाळीस गॅलनची टाकी भरली की तीनशे तीस पौंडांची भर पडते. त्यावर गॅसची नळकांडी, बॅटरी, भांडी, अंथरुणे, खाण्याचे डबे आले. त्यामुळे हिशेब नेहमी ट्रेलरच्या कमाल मर्यादेवरून, म्हणजे त्याच्या पट्टीवरील जीव्हीडब्ल्यूआरवरून करावा.

आपल्यापुढे दोन मार्ग आहेत. हाच पिकअप घ्यायचा असेल, तर उरलेल्या ६८० पौंडांत बसणारा, म्हणजे भरल्यावर सव्वापाच हजार पौंडांच्या आत राहणारा ट्रेलर निवडावा. हाच ट्रेलर हवा असेल, तर दारावर किमान १,९०० आणि शक्य तर २,००० पौंड लिहिलेला पिकअप शोधावा. तो हाफ-टन वर्गातही मिळतो, पण साध्या रूपात आणि वाढीव भाराचे पॅकेज मागून घेतल्यावर. मागच्या स्प्रिंगला हवेच्या पिशव्या लावून घ्या म्हणजे काम भागेल, असा सल्ला कोणी दिला तर तो स्वीकारू नका. त्या पिशव्यांनी पिकअपची मागची बाजू उचलली जाते, पण ॲक्सल, टायर, ब्रेक आणि फ्रेम जुनेच राहतात. पट्टीवरील मर्यादेत त्यामुळे एका पौंडाचीही भर पडत नाही.

आणखी एक पट्टी पाहायची राहते. ती हिचच्या रिसीव्हरवर, म्हणजे हिच ज्यात बसते त्या चौकोनी नळीवर, मागच्या बंपरखाली असते. तिच्यावर बहुधा दोन आकडे असतात, एक साध्या बॉलवर (ट्रेलर ज्यावर टेकतो त्या गोळ्यावर) ओढण्यासाठी आणि दुसरा वजन विभागणाऱ्या हिचसाठी. कित्येक हाफ-टन पिकअपमध्ये साध्या बॉलची मर्यादा ५,००० पौंड ट्रेलर आणि ५०० पौंड टंग वेट एवढीच असते. आपल्या ट्रेलरला वजन विभागणारी हिच लागणारच. या हिचच्या स्प्रिंगबारमुळे मागच्या ॲक्सलवरचा काही भार पुढच्या ॲक्सलकडे आणि थोडा ट्रेलरच्या ॲक्सलकडे सरकतो. त्यामुळे पुढची चाके हलकी पडत नाहीत आणि स्टिअरिंगची पकड टिकते. ती नीट बसली आहे का, हे पाहण्याची पद्धत साधी आहे. ट्रेलर जोडण्यापूर्वी पुढच्या चाकावरच्या मडगार्डच्या कडेची जमिनीपासूनची उंची मोजावी, बार न लावता ट्रेलर जोडून पुन्हा मोजावी आणि बार ताणून तिसऱ्यांदा मोजावी. पुढची बाजू जेवढी उचलली गेली होती, त्यातील किती परत खाली यायला हवी, हे पिकअपच्या मालकपुस्तिकेत दिलेले असते.

सगळे सामान भरून, मुलांना बसवून एकदा ट्रक-स्टॉपवरील वजनकाट्यावर जाऊन या. तिथे पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि ट्रेलरचे ॲक्सल अशी वेगवेगळी वजने छापलेला कागद थोडक्या डॉलरांत मिळतो. पट्ट्यांवरील मर्यादा आणि तो कागद शेजारी ठेवले की अंदाजाला जागा उरत नाही.

प्रश्न: निवृत्तीनंतर आम्ही दोघे १२,००० पौंडांचा फिफ्थ-व्हील ट्रेलर घेणार आहोत. एवढ्या वजनासाठी थ्री-क्वार्टर-टन वर्गातील डिझेल पिकअप, चार दारांचा आणि सर्वांत वरच्या श्रेणीचा, घ्यावा असे वाटते. डिझेल असल्याने शक्तीची अडचण येणार नाही ना? (एक वाचिका, ॲरिझोना)

उत्तर: शक्तीची अडचण येणार नाही. अडचण पुन्हा पेलोडचीच आहे, आणि ती थ्री-क्वार्टर-टन वर्गात अनेकांना अनपेक्षितपणे गाठते.

फिफ्थ-व्हीलचा जोड मागच्या बंपरवर नसून हौद्यात, मागच्या ॲक्सलच्या वर किंवा किंचित पुढे असतो. त्यामुळे असा ट्रेलर बंपरमागे जोडलेल्या ट्रेलरपेक्षा कितीतरी स्थिर चालतो, पण पिकअपवर त्याचा भारही अधिक पडतो. साधारणपणे ट्रेलरच्या वजनाच्या १५ ते २५ टक्के. २० टक्के धरले तर आपल्या ट्रेलरचे २,४०० पौंड हौद्यात येतील. त्यात हिचचे दीडशे-दोनशे आणि आपणा दोघांचे तीनशे मिळवले की २,९०० पौंडांच्या आसपास पेलोड लागतो.

थ्री-क्वार्टर-टन वर्गातील अनेक पिकअपची एकूण मर्यादा १०,००० पौंडांवर किंवा तिच्या जवळपास ठेवलेली असते, कारण १०,००१ पौंडांपासून वाहन वरच्या वजनगटात मोजले जाते. डिझेल इंजिन पेट्रोल इंजिनापेक्षा कित्येकशे पौंडांनी जड असते. त्यात चारही चाकांना शक्ती देणारी यंत्रणा, चार दारांची केबिन आणि वरच्या श्रेणीची सजावट आली की दारावरील आकडा दोन हजारांच्या थोडाच वर उरतो. म्हणजे जो पिकअप १२,००० पौंड लीलया ओढू शकतो, त्याला त्याच ट्रेलरचा हौद्यातील भार पेलत नाही. त्याच वर्गातील पेट्रोल इंजिनाच्या साध्या पिकअपच्या दारावर याहून हजारभर पौंड अधिक लिहिलेले आढळू शकते, हेही ध्यानात घ्यावे.

डिझेल आपल्याला खरोखर हवे असेल, तर वन-टन वर्ग पाहा. मागे एकेक चाक असलेला वन-टनही आपल्या ट्रेलरला पुरेसा व्हावा. मागे दोन-दोन चाकांची जोडी असलेला पिकअप त्याहून जड ट्रेलरसाठी राखून ठेवावा, कारण त्याची रुंदी रोजच्या पार्किंगमध्ये फार जाचक होते. केबिन आणि हौदा निवडताना एक बाब तपासावी. साडेपाच-साडेसहा फुटांच्या हौद्यात फिफ्थ-व्हील जोडला, तर काटकोनात वळताना ट्रेलरचा पुढचा कोपरा केबिनच्या मागच्या काचेला भिडू शकतो. त्यासाठी सरकणारी हिच लागते किंवा आठ फुटांचा हौदा घ्यावा लागतो.

डिझेलच्या बाजूने सांगण्यासारखे बरेच आहे. इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर मिळणारा मोठा टॉर्क (चाके फिरवणारा जोर), उतारावर वेग रोखून धरणारा एक्झॉस्ट ब्रेक आणि ओझे घेऊन जाताना पेट्रोलपेक्षा बरा इंधनखप हे फायदे लांबच्या प्रवासात पदोपदी जाणवतात. पण ट्रेलर वर्षातून मोजक्या वेळा आणि उरलेले दिवस बाजारापर्यंतच्या छोट्या फेऱ्या, असा वापर असेल तर डिझेल घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. एक्झॉस्टमधील काजळीचा फिल्टर स्वतःला जाळून साफ करण्यासाठी इंजिन बराच वेळ पुरेसे तापलेले राहावे लागते. छोट्या फेऱ्यांत ते घडत नाही, फिल्टर तुंबतो आणि दुरुस्तीचा खर्च जिव्हारी लागतो.

प्रश्न: महामार्गावर ताशी ६५ मैलांनी जात असताना एक मोठा मालट्रक शेजारून पुढे गेला आणि आमचा ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागला. पतींनी ब्रेक दाबल्यावर डोलणे वाढले. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही, पण आता धास्ती बसली आहे. अशा वेळी काय करावे? (एक वाचिका, कॅन्सस)

उत्तर: आपण सुखरूप आहात, हे वाचून बरे वाटले. अशा वेळी पिकअपचे ब्रेक जोरात दाबले की पिकअप मंदावतो आणि मागून येणारा ट्रेलर त्याला ढकलू लागतो, म्हणून डोलणे वाढते. वेग वाढवून ट्रेलर सरळ करू पाहणेही तितकेच घातक. स्टिअरिंग सरळ आणि घट्ट धरावे, झोक्यांच्या उलट दिशेने चाक फिरवण्याचा मोह टाळावा आणि ॲक्सिलरेटरवरून पाय अलगद उचलावा. त्याच वेळी ब्रेक कंट्रोलरवरील, म्हणजे पिकअपमधून ट्रेलरचे ब्रेक चालवणाऱ्या उपकरणावरील, हाताचा खटका दाबावा. त्याने फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात, ट्रेलर मागे ओढला जातो आणि दोन्ही वाहने पुन्हा एका रेषेत येतात. हा खटका कुठे आहे, हे गाडी उभी असतानाच न पाहता हाताला सापडेपर्यंत सराव करा. आपण दोघेही आळीपाळीने गाडी चालवत असाल, तर दोघांनीही.

मूळ कारण मात्र बहुतेकदा सामानाच्या मांडणीत असते. टंग वेट दहा टक्क्यांखाली गेले की ट्रेलर डोलण्याची शक्यता झपाट्याने वाढते. मागच्या बंपरवर सायकलींचा रॅक, मागच्या कपाटात जड भांडी, ॲक्सलच्या मागे असलेली पाण्याची टाकी काठोकाठ भरलेली, यांपैकी काही आपल्याकडे आहे का, ते पाहा. एकूण सामानातील साधारण ६० टक्के वजन ट्रेलरच्या ॲक्सलच्या पुढे असावे. टायरमधील हवा कमी असणे हे दुसरे नेहमीचे कारण. ट्रेलरच्या एसटी (खास ट्रेलरसाठीच्या) प्रकारच्या टायरमध्ये हवा सकाळी, टायर थंड असताना, बाजूच्या भिंतीवर छापलेल्या कमाल दाबाइतकी भरावी. यांतील बऱ्याच टायरची वेगमर्यादा ताशी ६५ मैल असते, म्हणजे आपण मर्यादेच्या काठावरच होतात. ट्रेलर मागे असताना ताशी ६० मैलांवर समाधान मानावे. कॅलिफोर्नियात तर ट्रेलर ओढणाऱ्या वाहनांना ताशी ५५ मैलांची कायदेशीर मर्यादाच आहे.

नव्या पिकअपमध्ये ट्रेलरचे डोलणे ओळखून एकेका चाकाला ब्रेक लावणारी यंत्रणा असते आणि ती उपयोगी आहे. पण चुकीच्या मांडणीवर ती उपाय ठरत नाही. सामान पुन्हा लावून आणि वजन करून घेतल्याशिवाय त्या ट्रेलरसह महामार्गावर जाऊ नका, अशी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न: डेन्व्हरहून पश्चिमेकडे आय-७० महामार्गाने ट्रेलर नेताना चढावर इंजिन दमते आणि उतारावर ब्रेकचा जळका वास येतो. पिकअप बदलावा का? (एक वाचक, कोलोराडो)

उत्तर: आधी चालवण्याची पद्धत तपासून पाहावी. आयझेनहॉवर बोगदा समुद्रसपाटीपासून ११,००० फुटांहून उंचावर आहे. टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारी यंत्रणा) नसलेल्या पेट्रोल इंजिनाची शक्ती दर हजार फुटांमागे सुमारे तीन टक्क्यांनी घटते, म्हणजे तिथे ती जवळजवळ एक तृतीयांशाने कमी झालेली असते. टर्बो असलेल्या इंजिनाला, मग ते पेट्रोलचे असो वा डिझेलचे, हा तोटा बराच कमी होतो. आपण नेहमी याच मार्गाने जाणार असाल, तर पुढचा पिकअप टर्बोचा घेण्यात अर्थ आहे. तोवर उजव्या लेनमधून सावकाश चढावे आणि इंजिनाच्या फेऱ्या वाढल्याचा आवाज ऐकून घाबरू नये.

उताराचे म्हणाल, तर जळका वास ही धोक्याची सूचना आहे. बोगद्याच्या दोन्ही बाजूंना सात टक्क्यांपर्यंतचे लांबलचक उतार आहेत. टो/हॉल मोड (ओझे ओढताना वापरायची गिअरबॉक्सची पद्धत) चालू ठेवून, उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर निवडावा, म्हणजे वेग रोखण्याचे काम इंजिन करील. ब्रेकवर पाय सतत टेकवून ठेवू नये. वेग ठरवलेल्या मर्यादेपेक्षा वाढला की थोडा वेळ पण ठामपणे ब्रेक लावून तो उतरवावा आणि पाय काढून घ्यावा. ब्रेकना थंड होण्यास मधे अवधी मिळाला पाहिजे.

ट्रेलरचे ब्रेक आपला वाटा उचलतात का, हेही पाहा. कोरड्या, सपाट, मोकळ्या जागेत ताशी २० ते २५ मैलांनी जाताना कंट्रोलरचा हाताचा खटका पूर्ण दाबावा. ट्रेलरची ओढ जाणवली नाही, तर त्याची तीव्रता वाढवीत न्यावी, आणि ट्रेलरची चाके लॉक होऊ लागली की तिथून किंचित कमी करावी. वजन बदलले की ही तीव्रताही बदलावी लागते. आपले ब्रेक एकदा तापून गेले असल्याने पिकअपचे पॅड आणि ब्रेक ऑइल आता बदलूनच घ्या.

प्रश्न: नव्या पिकअपच्या किमती आवाक्याबाहेर आहेत. चार-पाच वर्षे वापरलेला हाफ-टन घेताना काय पाहावे? (एक वाचक, ओहायो)

उत्तर: प्रथम ॲक्सल रेशो, म्हणजे चाक एकदा फिरण्यासाठी इंजिनाकडून येणारा दांडा किती वेळा फिरतो ते प्रमाण, पाहा. इंजिन तेच असले तरी ३.३१ आणि ३.७३ या दोन रेशोंमुळे ओढण्याच्या क्षमतेत हजारो पौंडांचा फरक पडू शकतो. विक्रीच्या जाहिरातीत तो बहुधा लिहिलेला नसतो. वाहनाच्या व्हीआयएन या ओळखक्रमांकावरून मूळ विंडो स्टिकर किंवा उत्पादकाकडील तपशील मिळवावा. बंपरखाली हिचचा रिसीव्हर दिसतो म्हणून टो पॅकेज आहे, असे समजू नये. तो नंतर बसवलेला असू शकतो. पॅकेजमध्ये सात पिनांचा जोड, मोठा रेडिएटर किंवा गिअरबॉक्सचा अधिक क्षमतेचा कूलर आणि काही मॉडेलमध्ये डॅशबोर्डमध्येच बसवलेला ब्रेक कंट्रोलर असतो. चार पिनांचा जोड फक्त दिवे चालवतो, ट्रेलरचे इलेक्ट्रिक ब्रेक नाही.

मग जमिनीवर आडवे व्हा आणि खालून पाहा. आपल्याकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. त्यामुळे फ्रेमवर, विशेषतः मागच्या ॲक्सलच्या वरच्या भागात आणि रिसीव्हरच्या बोल्टांभोवती, गंज किती खोल गेला आहे हे महत्त्वाचे. वरवरचा तांबूस थर चालतो, पण पेचकसाच्या टोकाने टोचल्यावर पापुद्रे निघत असतील, तर तो पिकअप कितीही स्वस्त असला तरी सोडून द्यावा. सात पिनांच्या जोडाचे झाकण उघडून पिना हिरवट पडल्या आहेत का ते पाहावे. रिसीव्हरच्या चौकोनी नळीच्या आतल्या बाजूला आणि पिनच्या भोकांना झीज दिसली, तर वाहनाने भरपूर ओझे ओढले आहे हे नक्की. त्यात वावगे काही नाही, फक्त मग गिअरबॉक्सचे तेल आणि मागच्या डिफरन्शियलचे तेल कधी बदलले याच्या पावत्या मागाव्यात. ओझे ओढणाऱ्या वाहनासाठी मालकपुस्तिकेत कमी अंतराने सेवा देण्याचे वेगळे वेळापत्रक असते आणि तेच पाळलेले असावे. शेवटी, एनएचटीएसए या रस्ते-सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेच्या संकेतस्थळावर व्हीआयएन घालून रिकॉलची (दोष दुरुस्तीसाठी उत्पादकाने वाहन परत बोलावल्याची) प्रलंबित कामे विनामूल्य पाहता येतात, ती पाहून घ्यावीत.

प्रश्न: फोर-व्हील ड्राइव्ह आवश्यक आहे का? (एक वाचक, फ्लोरिडा)

उत्तर: ओढण्यासाठी आवश्यक नाही. उलट त्या यंत्रणेच्या वजनामुळे पेलोड आणि ओढण्याची क्षमता दोन्ही थोडी घटतात. मात्र आपण पत्रात बोटीचा उल्लेख केला आहे. शेवाळलेल्या, ओल्या रॅम्पवरून बोट वर काढताना मागची चाके जागच्या जागी फिरू लागतात, तेव्हा चारही चाकांची पकड मोलाची ठरते. रॅम्पवर मागे जाण्यापूर्वी ट्रेलरच्या दिव्यांचा जोड काढून ठेवावा आणि चाकांचे बेअरिंग थोडे निवू द्यावेत. गरम बेअरिंग थंड पाण्यात गेले की सीलमधून पाणी आत ओढले जाते.

प्रश्न: इलेक्ट्रिक पिकअपने ट्रेलर ओढता येतो का? (एक वाचिका, वॉशिंग्टन)

उत्तर: ओढता येतो आणि ओढताना फार सुखद वाटतो, कारण टॉर्क तात्काळ मिळतो आणि उतारावर मोटरच ब्रेकचे काम करते. परंतु उंच, सपाट तोंडाचा ट्रॅव्हल ट्रेलर मागे असताना एका चार्जमधील अंतर साधारण निम्म्यावर येते. शिवाय अनेक चार्जर पार्किंगच्या एकेरी खणांपुढे असल्याने ट्रेलर सोडून ठेवावा लागतो. जवळच्या तळ्यापर्यंत बोट नेण्यासाठी जरूर घ्यावा. कुटुंबासह तीन राज्ये ओलांडण्यासाठी आज आम्ही तो सुचवणार नाही.

प्रश्न: ट्रेलर वर्षातून दोन-तीनदाच ओढायचा असेल आणि एरवी ऑफिसला जाण्यासाठीच गाडी लागणार असेल, तर फुल-साइझ पिकअप घेणे योग्य आहे का? (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर: हा प्रश्न खरेदीपूर्वी विचारल्याबद्दल आपले अभिनंदन. चार दारांचा, छोट्या हौद्याचा हाफ-टनही १९ फुटांहून लांब असतो. घरच्या गॅरेजची खोली, ऑफिसच्या पार्किंगची उंची आणि तिथल्या वळणांची रुंदी आधी टेपने मोजून घ्यावी. रिकामा पिकअप मागे हलका असल्याने ओल्या रस्त्यावर मागची चाके घसरू शकतात, टायर महाग असतात आणि इंधनखप सेदानच्या दुपटीच्या घरात जातो. ३,५०० पौंडांच्या आतला छोटा ट्रेलर असेल, तर कित्येक मध्यम आकाराच्या एसयूव्ही ते काम करतात. मोठा ट्रेलरच हवा असेल, तर मुक्कामाच्या जागी आधीच उभा करून ठेवलेला ट्रेलर भाड्याने मिळतो का, हे पाहावे. पिकअप भाड्याने घेऊन स्वतःचा ट्रेलर ओढण्याचा बेत असेल, तर करारात ओढण्याची परवानगी आहे का, हे सही करण्यापूर्वी वाचावे. बऱ्याच करारांत ती नसते.

प्रश्न: मोठा ट्रेलर ओढण्यासाठी वेगळा परवाना किंवा विमा लागतो का? (एक वाचक, कॅलिफोर्निया)

उत्तर: हे राज्यानुसार बदलते. आपल्या राज्यात १०,००० पौंडांपेक्षा अधिक मर्यादेचा ट्रॅव्हल ट्रेलर किंवा १५,००० पौंडांपेक्षा अधिक मर्यादेचा फिफ्थ-व्हील खासगी वापरासाठी ओढायचा असेल, तर अव्यावसायिक क्लास ए परवाना काढावा लागतो. १०,००० ते १५,००० पौंडांच्या दरम्यानच्या फिफ्थ-व्हीलसाठी साध्या परवान्यावर विशेष नोंद करून घ्यावी लागते. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असण्याची अट अनेक राज्यांत ३,००० पौंडांपासून लागू होते, तर कॅलिफोर्नियात ट्रॅव्हल ट्रेलरसाठी १,५०० पौंडांपासून. प्रवासात ज्या राज्यांतून जाल, त्यांचे नियमही निघण्यापूर्वी पाहून ठेवावेत.

विम्याबाबत सांगायचे, तर आपल्या ट्रेलरमुळे दुसऱ्याचे नुकसान झाल्यास पिकअपच्या पॉलिसीतील दायित्व बहुधा ट्रेलरलाही लागू होते, पण ट्रेलरच्या स्वतःच्या नुकसानीची भरपाई त्यात नसते. त्यासाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. विमा कंपनीकडून याचे उत्तर फोनवर न घेता लेखी मागवा, आणि ट्रेलरच्या पट्टीवरील कमाल वजन त्या पत्रात स्वतः नमूद करा.